वऱ्हाडची शिल्लक

एखाद्या प्रांतास अकस्मात संपत्ती प्राप्त झाली म्हणजे तिचे करावे काय, हा प्रश्न त्या प्रांतातील लोकांस सहसा कोणी विचारीत नाही. संपत्ती येते, तिच्या वाटा अगोदरच कोणीतरी आखून ठेवलेल्या असतात, आणि जेथून ती निघाली तेथील लोकांस तिचा पत्ता लागेपर्यंत ती दूर गेलेली असते. १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर ‘सागर सम्राट’ ह्या नौकेवरील यंत्रांनी समुद्रतळ भेदून खनिज तेल काढले, तेव्हा महाराष्ट्रात आनंद झाला आणि तो योग्यच होता. ह्या तेलाच्या पैशातून कोरडवाहू शेतकऱ्यास व गिरणी बंद पडल्याने घरी बसलेल्या कामगारास हात देता येणार नाही काय, असा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांस तो नवा वाटतो. त्यांस आम्ही आमच्याबरोबर अमरावती-अकोल्याकडे चलण्याची विनंती करतो. वऱ्हाडास अशीच अकस्मात संपत्ती शंभर वर्षांपूर्वी लाभली होती. तिचा रंग मात्र काळा नसून पांढरा होता. तिचे काय झाले हे पाहिल्यावाचून तेलाच्या प्रश्नास हात घालणे आम्हांस घाईचे वाटते.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. २१ मे १८५३ रोजी निजामाने इंग्रजांच्या कंपनीशी तह करून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव हे मुलूख हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चापोटी कंपनीच्या हवाली केले. फौज निजामाची म्हणावयाची, हुकूम इंग्रजांचा चालावयाचा, आणि पगार वऱ्हाडने द्यावयाचा, असा हा त्रिवेणी संगम होता. १८६० च्या डिसेंबरात दुसरा तह झाला. त्याने रायचूर व धाराशिव निजामाकडे परत गेले, जुने कर्ज माफ झाले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. फौजेचा व कारभाराचा खर्च वजा जाता जी शिल्लक उरेल ती निजामास द्यावी असे ठरले. परंतु त्या खर्चाचा हिशेब निजामास दाखविण्याचे बंधन इंग्रज सरकारवर राहणार नाही, असेही त्याच तहात नमूद झाले. हे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे. वऱ्हाडच्या पुढील इतिहासात ते निरनिराळे वेष घेऊन पुन्हा पुन्हा भेटते.

तहाची शाई वाळते न वाळते तोच, १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि आजवर हलका म्हणून नाके मुरडून घेतला जाणारा हिंदी कापूस एकाएकी हवाहवासा झाला. लिव्हरपूलच्या बाजारात त्याचा भाव १८६४ पर्यंत चौपटीहून अधिक चढला. मुंबईत पैशाचा पूर आला; त्यात प्रेमचंद रायचंदासारखे व्यापारी राजाप्रमाणे वावरले, आणि बॅकबेचा समुद्र भरून काढणाऱ्या कंपन्यांच्या भागांसाठी शहाण्यासुरत्या माणसांनी घरे गहाण टाकली. तो पूर ज्या ओढ्यांनी भरत होता त्यांतील एक मोठा ओढा वऱ्हाडातून वाहत होता. खामगाव, अकोला, अमरावती ह्या पेठांची नावे लिव्हरपूलच्या दलालांच्या तोंडी ह्याच काळात बसली.

कुणब्यास ह्यातून काहीच मिळाले नाही, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. त्यास मिळाले. अनेकांची जुनी देणी फिटली, चांगले बैल आले, लग्नकार्ये थाटात झाली, बायकांच्या अंगावर चांदी दिसू लागली. पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर आल्फ्रेड लायल ह्याने १८७० साली वऱ्हाडचे पहिले गॅझेटियर प्रसिद्ध केले. त्यावरून ह्या सुबत्तेची कल्पना येते. त्या काळी गाड्यांच्या चाकांस चांदीच्या धावा बसविणारे शेतकरी होते, अशी एक गोष्ट सांगतात. तिला आम्ही दंतकथेहून अधिक किंमत देत नाही. परंतु दंतकथाही अगदीच वाऱ्यावर उगवत नाहीत. आमच्या आजोळी एक वृद्ध आत्याबाई होत्या. त्या कोणत्याही वस्तूची किंमत रुपयांत न सांगता ‘इतक्या मणाचा कापूस’ अशा हिशेबाने सांगत. पैसा हा कापसाचाच एक अवतार आहे, अशी त्या पिढ्यांची समजूत होती, आणि ती समजूत घडविण्यास ही चार वर्षे पुरेशी झाली असावीत.

परंतु जो पैसा शेतकऱ्याच्या हाती आला तो त्याच्या घरातून बाहेर जाण्याच्या वाटाही त्याच वेळी तयार होत होत्या. मुंबईच्या धर्तीची मोजणी व सारापद्धती वऱ्हाडात १८६० नंतरच्या दशकात सुरू झाली. सारा रोख भरावयाचा आणि जमीन खातेदाराच्या नावे. नावे झाली म्हणजे ती गहाण टाकता येते, विकता येते. पूर्वी सावकाराचा डोळा पिकावर असे. आता तो जमिनीवर गेला. भाव चढते असताना ह्यात कोणास धोका दिसला नाही. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतील कंपन्या पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे खाली आल्या. त्या कंपन्यांच्या बुडण्याच्या कथा पुष्कळांनी लिहिल्या आहेत. ज्याने चढत्या भावाच्या भरवशावर कर्ज काढले त्या बोरगाव-मूर्तिजापूरकडील खातेदाराची कथा सावकाराच्या वहीत एका ओळीत मावली.

ह्या तेजीने ज्यांचा धंदाच नाहीसा झाला त्यांचीही येथे आठवण करणे अवश्य आहे. रेल्वेपूर्वी अमरावतीचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवरून नागपूर-जबलपूर मार्गाने थेट गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे. ही वाट शेकडो मैलांची. तिजवर तांडेच्या तांडे पोसले जात. मुंबईकडील रस्ता सुधारला, पाठोपाठ आगगाडी आली. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला, १८७० साली खामगावचा फाटा स्वतः गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो ह्यांनी येऊन उघडला, पुढील वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा झाला. कापूस जितक्या लवकर मुंबईस जाऊ लागला तितक्याच लवकर मँचेस्टरचे कापड खामगावास येऊ लागले. गावोगावच्या सूत कातणाऱ्या बायका, साळी, कोष्टी ह्यांचे हात रिकामे झाले. ज्या आगगाडीने शेतकऱ्याच्या मालास गिऱ्हाईक दिले तिनेच बंजाऱ्याचा बैल आणि कोष्ट्याचा माग बसविला. आगगाडी नको होती असे आम्ही म्हणत नाही. असे म्हणणे वेडेपणाचे होईल. परंतु वऱ्हाडच्या वाढत्या महसुलातून ह्या लोकांस दुसऱ्या धंद्यास लावण्याची तरतूद व्हावी, ही कल्पना त्या वेळच्या राज्यव्यवस्थेत बसणारीच नव्हती.

कारण शिल्लक घेणारे दोघेच होते. एकीकडे रेसिडेन्सी, दुसरीकडे निजामाचा दरबार. निजामाचा दिवाण सालारजंग हा मोठा कर्तबगार पुरुष. त्याने वऱ्हाड परत मिळावे म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली आणि १८७६ साली तो विलायतेसही जाऊन आला. इंग्रज कारभार खर्चिक आहे, म्हणून शिल्लक कमी उरते, ही हैदराबादची तक्रार. सुधारलेला कारभार स्वस्तात होत नसतो, हे इंग्रजांचे उत्तर. दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य होते. परंतु पूर्णेच्या खोऱ्यात पाटबंधारा व्हावा, वाईट वर्षासाठी चार पैसे बाजूस पडावेत, म्हणून ही शिल्लक वऱ्हाडातच ठेवावी, असा तिसरा पक्ष मांडण्यास त्या तहात जागाच नव्हती.

वाईट वर्षासाठी पैसे बाजूस ठेवण्याचा विचार हिंदुस्थान सरकारला सुचला नव्हता असे मात्र नाही. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर लॉर्ड लिटन ह्यांच्या सरकारातील अर्थमंत्री सर जॉन स्ट्रेची ह्यांनी दुष्काळ-विमा निधीची योजना काढली. दरसाल दीड कोट रुपये दुष्काळनिवारणासाठी मोकळे राहावेत, आणि त्यासाठी व्यापाऱ्यांवर परवान्याचा कर व जमिनीवर पट्ट्या बसवाव्यात, अशी ती योजना. कर बसले. तोच अफगाणिस्तानात युद्ध उपस्थित झाले आणि पैसा तिकडे वळला. लोकांनी ओरड केली तेव्हा उत्तर असे मिळाले की, हा काही वेगळा ठेवलेला निधी नव्हे. सरकारच्या तिजोरीत सर्वच पैसा एकत्र असतो. ह्या उत्तराची आठवणही वाचकांनी ठेवावी.

१८९६-९७ साली दुष्काळ पडला, आणि पुरती दोन वर्षे उलटली नाहीत तोच १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ आला. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले होते. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. ज्या गावच्या पेठेत कापसाच्या गाठींचे डोंगर उभे राहत त्याच गावी देशाच्या दारिद्र्याची चर्चा चालली होती, आणि ती ऐकणाऱ्यांस त्यात काही विसंगती वाटली नसावी. दुसऱ्या दुष्काळात कापूसही गेला आणि ज्वारीही गेली. आगगाडीने धान्य आणता येत होते, परंतु ते विकत घेण्यास सालदाराच्या व मजुराच्या हाती पैसा नव्हता. ज्वारीचे रान पऱ्हाटीखाली गेलेले होते, तेव्हा घरच्या कणगीचाही आधार उरला नव्हता. लोक खडी फोडण्याच्या कामावर गेले. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लक्ष होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लक्षांवर आली. हिंदुस्थानातील सर्वांत श्रीमंत म्हणून नावाजलेल्या प्रांतांपैकी एकात, आगगाडी आल्यावर तीस वर्षांनी, हे झाले.

ह्यानंतर दोन वर्षांतच, ५ नोव्हेंबर १९०२ रोजी, लॉर्ड कर्झन ह्यांनी निजामाशी करार करून वऱ्हाड कायमच्या खंडाने घेतले. खंड सालीना २५ लाख रुपये. म्हणजे आता शिल्लकेचा वादच मिटला. जास्त उरो की कमी उरो, हैदराबादचा आकडा ठरलेला. ह्या खंडातून दुष्काळासाठी दिलेल्या कर्जाची वजावट काही वर्षे होत राहिली. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडले गेले, आणि शिल्लकेचा वाद एका दाराने गेला तो दुसऱ्या दाराने परत आला. वऱ्हाडचा पैसा नागपूर-जबलपूरकडे खर्च होतो, अशी तक्रार वऱ्हाडी पुढाऱ्यांनी इतकी लावून धरली की पुढे विभाज्य खर्चाची वाटणी मध्यप्रांत ६० व वऱ्हाड ४० अशी करणारे ‘सिम सूत्र’ निघाले. १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार, १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल, ही सर्व त्याच वादाची पुढील पाने आहेत. दांडेकर समितीने साऱ्या राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांच्या वर काढला. अनुशेष म्हणजे जे द्यावयास हवे होते आणि दिले गेले नाही ते. ‘शिल्लक’ ह्या शब्दास कारभाराच्या भाषेने शेवटी हा प्रतिशब्द दिला.

आता तेलाकडे वळू. मुंबईच्या समुद्रात तेल लागले ते १९७४ साली. ते प्रत्यक्ष वाहू लागले २१ मे १९७६ रोजी. ह्या दोन तारखांच्या मध्ये, १९७५ साली, महाराष्ट्राने एक नवा कर बसविला. त्याचे नाव व्यवसाय कर. नोकरदार, वकील, डॉक्टर, दुकानदार ह्यांनी तो भरावयाचा आणि त्याचा पैसा रोजगार हमीच्या कामांस जावयाचा. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी ही योजना प्रथम १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे करून पाहिली होती. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर नेण्यात आली, आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. जो अंगमेहनतीचे काम मागेल त्यास पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता. आणि करातून जितके जमेल तितकीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाची. शहराच्या मिळकतीतून खेड्यातील रिकाम्या हातांस काम देण्याची ही कल्पना आमच्या मते महाराष्ट्राच्या कारभारातील अत्यंत उदार कल्पनांपैकी होय. गिरगावातला कारकून पगारातून कापले गेलेले रुपये पाहून कुरकुरला असेल, पण त्या कुरकुरीतून दर्यापूरकडील एखादीची चूल पेटली.

इतके म्हटल्यावर तिचे उणेही सांगितले पाहिजे. ही योजना दुष्काळी दक्षिण महाराष्ट्रात जन्मली, तिची कामेही त्या भूमीस जुळणारी होती: पाझर तलाव, नालाबांध, विहिरी. अकोला व अमरावती जिल्ह्यांतील पूर्णेच्या काठचा जो खारपाणपट्टा, तेथे विहीर खणली तर खारे पाणी लागते. ते पिकास घालावे तर जमीन बिघडते. अशा गावी खणलेली विहीर मजुरास चार आठवड्यांची मजुरी देते आणि शेतकऱ्यास एक खड्डा देते. १९९० नंतर फळबाग लागवड योजनेस जोडली गेली तेव्हा वरुड-मोर्शीकडील संत्र्याच्या बागाईतदारास तिचा उपयोग झाला. तो खारपाणपट्ट्यातील कोरडवाहू खातेदारास झाला नाही. शिवाय, वसूल झालेला कर आणि कामांवर झालेला खर्च ह्यांतील अंतराकडे लेखापरीक्षकांस बोट दाखवावे लागले. स्ट्रेचीसाहेबांचे उत्तर येथे कोणाच्या ओठी आले असल्यास आम्हांस आश्चर्य वाटणार नाही.

ह्याच काळात कापसासाठीही एक निधी निघाला होता. १९७२-७३ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. सरकारने हमीभावाने सर्व कापूस घ्यावा, विक्रीत नफा झाला तर त्यातील तीन हिस्से शेतकऱ्यांस वाटावेत आणि चौथा किंमत चढउतार निधीत टाकावा, म्हणजे पडत्या भावाच्या वर्षी तो उपयोगी पडेल. १८६४ च्या खातेदारास असा निधी असता तर १८६५ चा त्याचा इतिहास निराळा झाला असता, असे मनात आल्याशिवाय राहत नाही. परंतु भाव ठरविण्यात राजकारण शिरले, चुकारे लांबले, तोट्याची वर्षे नफ्याच्या वर्षांस गिळून बसली, आणि ह्या शतकाच्या आरंभी ती एकाधिकाराची व्यवस्था मोडली. कापसावर चालणाऱ्या गिरण्यांचे दैवही असेच. अकोल्याची सावतराम मिल, अचलपूरची विदर्भ मिल ह्या १९७४ साली सरकारने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे घेतल्या, त्या कामगारांच्या रक्षणासाठी. पुढे त्यांचे भोंगे थांबले. बंद पडलेल्या खासगी गिरण्यांच्या कामगारांसाठी केंद्र सरकारने १९८६ साली जो पुनर्वसन निधी काढला त्यात पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५, अशी मदत होती. चौथ्या वर्षी काय, हे त्या योजनेत नव्हते.

मग तेलाचा पैसा कोठे गेला? उत्तर सोपे आहे आणि ते कायद्यात लिहिलेले आहे. जमिनीवर निघणाऱ्या तेलाचे स्वामित्वधन राज्यास मिळते. गुजरात व आसाम ह्यांस ते मिळत आले. समुद्रतळाखालचे तेल घटनेच्या २९७ व्या कलमाने केंद्राचे. १९६३ च्या पंधराव्या दुरुस्तीने त्या कलमात सागरमग्न खंडभूमी घालण्यात आली. २१ मे १९७६ रोजी मुंबईचे तेल वाहू लागले, आणि सहा दिवसांनी, २७ मे रोजी, चाळिसावी दुरुस्ती अंमलात येऊन केंद्राचा हा अधिकार आणखी दूरच्या समुद्रापर्यंत वाढला. समुद्र एका राज्याचा असू शकत नाही, हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. कापूस पिकविणारा मुलूख आणि त्याची शिल्लक घेणारा दरबार वेगळे असू शकतात, हे तर वऱ्हाडास १८५३ पासून मान्य करावेच लागले आहे.

नॉर्वेने १९९० साली कायदा करून तेलाच्या उत्पन्नाचा स्वतंत्र निधी उभारला आणि १९९६ पासून त्यात पैसा टाकण्यास आरंभ केला. अलास्काने १९७६ साली आपल्या घटनेतच तशी तरतूद केली, आणि १९८२ पासून तेथील प्रत्येक रहिवाशास निधीतील लाभांश मिळू लागला. ह्या देशांची व आमची लोकसंख्या लक्षात घेता त्यांची नक्कल करा असे आम्ही सुचवीत नाही. मुंबईच्या तेलाचा पैसा प्रत्येकास वाटावा म्हटल्यास एका घराच्या वाट्यास चहाची पूडही येणार नाही. त्यांच्यापासून घेण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे वेगळी वही. निधी कोणता, त्यात किती आले, किती गेले आणि कोणासाठी गेले, हे तेथील शाळामास्तरासही पाहता येते. १८६० च्या तहातील ते कलम त्यांच्या वहीत नाही.

२००६ च्या जुलैच्या पहिल्या दिवशी पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांनी विदर्भात येऊन अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम व वर्धा ह्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी देश हादरल्यावर आली. तिच्यात व्याजमाफी होती, पाटबंधारे होते, बियाणे होते. ह्यांतील पाटबंधारे तर १८६४ सालीही सुचण्यासारखे होते. आणि ती पॅकेज म्हणून आली. पॅकेज हे पाठविणाऱ्याच्या मर्जीने येते. त्यावर मागणाऱ्याचा हक्क नसतो. रोजगार हमीत निदान तो हक्क कायद्याने लिहिला होता, म्हणून तिच्या सर्व दोषांसह आम्ही तिची बाजू घेतो.

तेलाचा आणि दुष्काळाचा महाराष्ट्रात प्रत्यक्ष संबंध एकदा मात्र जोडला गेला. २०१५ साली पाऊस गेला, मराठवाडा व विदर्भ होरपळले, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर राज्य सरकारने दुष्काळनिवारणासाठी पेट्रोल व डिझेल ह्यांवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार बसविला. हेतू चांगला होता. त्या रब्बीत अकोला जिल्ह्यातला जो शेतकरी मोडलेल्या पिकाचे रान पुन्हा नांगरण्यासाठी ट्रॅक्टरात डिझेल भरावयास पंपावर गेला असेल, त्याने लिटरमागे ते दोन रुपये दिले, पावती घेतली आणि तो घरी गेला.